तियारेचा गंध आणि उतारवयातील त्वचा

प्रशांत महासागरातील ताहिती बेटावर पापेएते हे फ्रेंच पॉलिनेशियाच्या राजधानीचे शहर आहे. तेथील बाजारात फिरताना मासळी, फळे आणि व्हॅनिलाच्या शेंगा यांच्या संमिश्र वासातून नारळाचा गोडसर गंध आपल्याला वेगळा ओळखू येईल. ओळीने मांडलेल्या बाटल्यांत सोनेरी तेल असते आणि एखादीत बुडालेले पांढरे फूलही दिसते. हे ‘मोनोई’. ताहिती भाषेत या शब्दाचा अर्थच मुळी सुगंधी तेल असा आहे.

त्यातील फूल तियारेचे. आपल्या परसातील अनंताचे हे भावंड, दोघेही गार्डेनिया प्रजातीतील. उमलण्यापूर्वीच खुडलेल्या कळ्या खोबरेल तेलात मुरवल्या जातात. ‘मोनोई द ताहिती’ या नावाला १९९२ पासून फ्रेंच कायद्याचे संरक्षण आहे. एका लिटर तेलास किमान दहा फुले आणि मुरण्यास किमान दहा दिवस, असा त्याचा दंडक आहे.

उन्हाळ्यात आपल्याकडे मिळणाऱ्या नारळगंधी परफ्यूमची गोष्ट निराळी. त्यातील नारळाचा भास बहुधा गॅमा-नोनालॅक्टोन या द्रव्याने घडवलेला असतो आणि त्याचे वाहन असते अल्कोहोल. ते क्षणात उडते व गंध एकदम उसळतो. तेल मात्र त्वचेच्या उबेने गंध सावकाश सोडते. वय वाढते तशी त्वचेतील नैसर्गिक स्निग्धता घटते. म्हणून तरुणपणी संध्याकाळपर्यंत टिकणारे अत्तर आता दुपारीच विरल्यासारखे वाटते. कोरड्या त्वचेवर अल्कोहोल चुरचुरतेही. स्नानानंतर अंग टिपून, किंचित ओलसर त्वचेवर साधे तेल किंवा मलम लावावे आणि परफ्यूम कपड्यावर शिंपडावा, हे उत्तम. नवे तेल प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडेसे लावून एक-दोन दिवस पाहावे. जखमेवर, पुरळावर आणि मधुमेह असल्यास पायाच्या बोटांच्या बेचक्यांत ते लावू नये. तळपायाला तेल लावून लगेच चालू नये. घसरून पडण्याचे भय असते. मोनोई लावले म्हणजे उन्हापासून संरक्षण मिळाले, असेही समजू नये.

आणखी एक गोष्ट शुश्रूषा करणाऱ्यांनी विशेष ध्यानी घ्यावी. उतारवयात घ्राणशक्ती हळूहळू मंदावते, आणि इतक्या सावकाश की ज्याची मंदावते त्याला ते कळतही नाही. आजोबा अत्तर जास्त लावू लागले, आजींना तेल खवट झाल्याचे उमगले नाही, तर हसण्यावारी नेऊ नये. ज्या नाकाला खवटपणा कळत नाही, त्याला गॅसची गळती किंवा नासलेले दूधही कळणार नाही. अशा घरात गॅसगळती ओळखणारे यंत्र बसवावे, शिळ्या पदार्थांची पारख दुसऱ्याने करावी. वास अचानक नाहीसा झाला तर डॉक्टरांना दाखवावे.

खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सियसखाली गोठते. पुण्या-नाशिककडे थंडीत घट्ट झालेली बाटली आपण उन्हात ठेवतोच. ताहितीत ही वेळ क्वचित येते. तेथे आया तान्ह्या बाळांच्या अंगाला मोनोई चोळतात, जसे आपल्याकडे आजीचे हात बाळाला तेल लावतात. ते हात आता थकले असतील, तर तळहातावर चार थेंब घ्यावेत, उबेने पातळ करावेत आणि हलक्या हाताने त्यांच्या मनगटापासून बोटांपर्यंत चोळावेत. गंध त्यांच्यापर्यंत पोहोचो वा न पोहोचो, स्पर्श नक्की पोहोचतो.