पारखीचा हात

उन्हाळा तोंडावर आला की धाराशिव जिल्ह्यातल्या बाजारगावांत रस्त्याच्या कडेला माठांच्या रांगा लागतात. घेणारं माणूस माठ उचलतं, तळव्यावर तोलतं आणि बोटाच्या पेरानं टकटक वाजवून बघतं. आवाज खणखणीत आला तर माठ नीट भाजलेला. बद्द आला तर कुठंतरी केसाएवढी चीर आहे, नाहीतर आव्यात आच कमी पडलेली आहे. विकणाऱ्या मावशी स्वतःच म्हणतात, "वाजवून बघा की ताई, मग घ्या." घरात फ्रीज असलेली माणसंही माठ असाच घेतात. मी माझ्या आईकडून शिकले, आई तिच्या आईकडून. कुणी कुणाला बसवून शिकवलं नाही. बाजारात बोट धरून चालता चालता कानाला तो आवाज ओळखीचा झाला.

या सवयीचं गोत्र आमच्याच जिल्ह्यात आहे. तेरणेच्या काठी तेर हे गाव आहे, संत गोरोबाकाका कुंभारांचं. संतांचा मेळा भरला असता मुक्ताबाईंनी काकांना विचारलं, यातली भाजलेली मडकी कोणती आणि कच्ची कोणती? काकांनी हातात थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकत गेले. नामदेव तेवढे रागावले, आणि मडकं कच्चं राहिल्याचा निर्णय त्यांच्या नावे गेला. पुढं ते विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांना गुरू लाभला, ही कथा वारकऱ्यांच्या घरात लहान मुलंही सांगतात. मला त्या कथेत एका कारागिराचा आत्मविश्वास दिसतो. काकांनी ज्ञान मोजायला पोथी मागितली नाही. रोज मडक्यावर चालणारा हात आणि त्याला साथ देणारा कान, एवढ्यावर त्यांचा भरवसा होता.

तेरच्या हातांची कीर्ती त्याहून कितीतरी जुनी आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात तगरचं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. इतक्या लांबच्या बाजारात माल खपायचा तर तो आधी हाताला पटलेला असणार.

आमचा जिल्हा बालाघाटच्या पठारावरचा, पावसानं पुन्हा पुन्हा दगा दिलेला. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं आजही ताटात भाकरीचा तुकडा टाकू देत नाहीत. जिथं एकदा चुकलं तर वर्ष वाया जातं, तिथं माणूस विश्वास टाकण्याआधी वस्तू तपासून घ्यायला शिकतो. आमच्याकडच्या जुन्या सवयी नीट पाहिल्या तर त्यांच्या मुळाशी हीच पारख सापडते.

पेरणीच्या तोंडावर शेतकरी मोबाइलवर पावसाचा अंदाज पाहतो, हस्ताचा पाऊस कसा झाला याचीही चर्चा करतो. पण तिफण धरायची की नाही हे शेवटी मूठभर माती ठरवते. काळी माती मुठीत दाबून गोळा करायचा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडायचा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. पडताक्षणी विस्कटला तर वाफसा आला. आता पेरणी बहुतेक ट्रॅक्टरवर होते, तरी ट्रॅक्टर बोलावण्याआधी मालक रानात जाऊन मूठ दाबूनच येतो. जिथं अजून बैलांची तिफण चालते, तिथं चाड्यावर मूठ धरणारी बाई लागते. बोटांच्या फटीतून दाणा एकसारखा सोडत चालायचं, कुठं दाट नको, कुठं विरळ नको. उगवण झाल्यावर तासांकडे पाहूनच गाव सांगतं, मूठ कुणाची होती.

नवरात्रात तुळजापूरच्या भवानीचा घट बसतो, तसा जिल्ह्यातल्या घराघरांत बसतो. पत्रावळीवर रानातली माती, तिच्यात घरचं धान्य, मधोमध पाण्याचा घट. नऊ दिवसांत पिवळी-हिरवी कोवळी रोपं वर येतात. तोंडावर रब्बीची पेरणी असते, ज्वारी-हरभऱ्याचं बी काढून ठेवलेलं असतं. घटातलं धान कसं आलं यावरून त्या बियाण्याची ताकद कळते. देवीपुढं हात जोडणारी बाई तेव्हा आपल्या घरचं बीही निरखत असते. मला ही भक्ती फार मोलाची वाटते.

चुलीपुढची पारख सगळ्यांत नाजूक. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून काठवटीत पिठाला उकळतं पाणी घालून ते मळावं लागतं. पीठ जुनं झालं की उकळतं पाणीही उपयोगी पडत नाही. आई चिमूटभर पीठ ओलं करून बोटांत चोळायची आणि सांगायची, "इरी गेली पिठाची, आता भाकरी थापताना चिरणार." म्हणून आमच्याकडे अजूनही आठवड्यापुरतंच दळण गिरणीवर जातं. थापायची, तव्यावर टाकायची, वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकायच्या आत उलटायची आणि शेवटी निखाऱ्यापुढं उभी करायची. पापुद्रा टम्म फुगला की आतलं अंग शिजलं. यातली एकही वेळ घड्याळात मोजता येत नाही.

भूम-परंड्याकडे खव्याच्या भट्ट्यांवर हीच नजर मोठ्या कढईत उतरते. कुंथलगिरीचा पेढा ज्या खव्यावर उभा आहे, तो खवा करणारा माणूस सारखा उलथणं फिरवत असतो. साधारण पाच लिटर म्हशीच्या दुधाचा किलोभर खवा पडतो, पण शेवटचे काही क्षण निर्णायक. गोळा कढईची कड सोडू लागला की आच काढायची. थोडं आधी काढलं तर ओल राहून खवा आंबतो, थोडा उशीर झाला तर तळाशी लागून वास धरतो.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला, आमच्या येळवशीला, ही सगळी कसबं एकाच दिवशी रानात जमतात. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी राहते, तिच्यात पांडव मांडून पूजा होते. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यातलं आंबील. आंबिलाचं पीठ आदल्या दिवशी ताकात भिजतं. थंडी जास्त असली तर मडकं चुलीजवळ सरकवायचं, आंबट वास नाकाला हवा तसा आला की थांबवायचं. शहरात गेलेली मुलं त्या दिवशी गाड्या करून येतात, पोटभर जेवतात. मडक्यावर नाक धरून बसलेल्या आजीशेजारी मात्र फार थोडी बसतात.

जुनं ते सगळं राखावं असं मी म्हणत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या जिल्ह्यानं सोसली आहे. लोहारा आणि उमरगा तालुक्यांत, शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीभोवती, माणसं झोपेत माळवदांखाली गाडली गेली. उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात ऊबदार राहणारी ती माळवदं आम्हांला प्रिय होती. पण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि छतावरचा मातीचा भार भूकंपापुढं उभे राहिले नाहीत. दोन्ही जिल्ह्यांत मिळून हजारो जीव गेले. घरबांधणीची ती रीत बदलली, आणि बदलायलाच हवी होती. जी सवय तपासणीत उतरत नाही ती सोडून देणं, हेसुद्धा पारखीतच येतं.

आणि जी उतरते, ती टाकून देणं महाग पडतं. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात ठिकठिकाणी सोयाबीनचं बियाणं उगवलंच नाही. पाऊस वेळेवर होता, रान तयार होतं, पैसे खर्च झाले होते, आणि तासं रिकामी राहिली. दुबार पेरणीच्या चिंतेनं बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यानंतर कृषी विभागानं घरच्या बियाण्याची उगवण तपासायची रीत गावोगाव सांगितली. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं आणि सहा-सात दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तर उगवले तर बी पेरणीजोगं. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, पोतं आदळलं तरी दाण्यातला जीव जातो, म्हणून ते हळू उतरवायचं. हे ऐकताना मला घटातली माती आठवली. आमच्या आयांनी देवीपुढं जे शेकडो वर्षं केलं, तेच आता शंभरात मोजून शेतकऱ्याच्या हातात आलं होतं. जुन्या पारखीला आकड्याची जोड मिळाली, आणि दोन्हींचंही बळ वाढलं.

ही विद्या वस्तुसंग्रहालयात ठेवता येणार नाही. तेरच्या संग्रहालयात प्राचीन मडकी आहेत, मूर्ती आहेत. त्या घडवताना हाताला काय कळत होतं ते कपाटात मावलेलं नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातातच जातं, आणि मधला एक हात सुटला की पुढचा रिकामा राहतो. म्हणून वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. येत्या पेरणीआधी तुमच्या घरी किंवा गावी कुणी गोणपाटावर दाणे मांडायला बसलं, तर घरातल्या एका मुलाला आणि एका मुलीला शेजारी बसवा. कोंब त्यांनाच मोजू द्या. वाफसा पाहायला जाल तेव्हा मातीची मूठही त्यांनाच दाबू द्या.