मसूर स्टेशन आणि न मिळालेले पत्र

पुणे-मिरज रेल्वेमार्गावर साताऱ्याच्या पुढे आणि कराडच्या अलीकडे मसूर स्टेशन लागते. साताऱ्यात माता भीमाईंच्या समाधीला वंदन करून आम्ही बायकामुलांसह मसूरला उतरलो, ते एका पत्रासाठी. ते पत्र आज कुठेच नाही.

सन १९०१. सुभेदार रामजीबाबा खटाव तालुक्यातील गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळी कामावर तेथे तलाव खोदला जात होता. (काही पुस्तकांत कोरेगाव असे छापले आहे. पण कोरेगाव स्टेशन मसूरच्या आधीच येते. तेथे जाणारा मसूरपर्यंत कशाला येईल?) साताऱ्याच्या घरी उरली ती पायाने अधू आत्या, थोरला भाऊ, नऊ वर्षांचा भिवा आणि वारलेल्या थोरल्या बहिणीची दोन मुले. म्हणजे नवव्या वर्षीच भिवा मामा होता! कणीक मळणे कुणाला जमेना, म्हणून पोरे तांदूळ-मटणाचा पुलाव शिजवून दिवस काढीत.

वडिलांनी सुट्टीत बोलावले. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे आली. आम्ही येतो, असे पत्र पोरांनी वडिलांना धाडले. दहा मैल टांग्याने जाऊन त्यांनी गाडी धरली. निघताना आत्या रडून रडून अर्धी झाली होती.

संध्याकाळी पाचला मसूर आले. न्यायला कुणी नाही. स्टेशनमास्तरने विचारपूस केली. महाराची पोरे म्हणताच त्याचा चेहरा बदलला. एकही गाडीवान तयार होईना. अखेर त्याच मास्तरने तोड काढली: भाडे दुप्पट, बैल पोरांनी हाकायचे, गाडीवान पायी चालणार. आत्याने दिलेली शिदोरी जवळ होती, पण पिण्याजोगे पाणी वाटेत मिळाले नाही. रात्री टोलनाक्यावर आपण मुसलमान आहोत असे सांगूनही कुणी घोटभर दिले नाही. पोरे तशीच उपाशी झोपली.

बाबासाहेबांनी हे सारे स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहून ठेवले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही पुस्तिका पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली काढली, १९९३ साली ती शासनाच्या बाराव्या खंडात आली. मसूरच्या फलाटावर आम्ही मुलांना हाच प्रसंग सांगितला. एका पोरीने विचारले, "मग पत्राचे काय झाले?"

पत्र गोरेगावला पोचले होते. सुभेदारांच्या गड्याने ते घेतले, पण त्यांना दिलेच नाही. पत्र हाती पडते तर सुभेदार गाडी पाठवते आणि ती रात्र टळती, हे खरे. पण फलाट तोच, गाडीवान तेच आणि नाकेदारही तोच राहिला असता. म्हणून एकट्या गड्याला बोल लावणे आम्हाला पटत नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास बैलगाडी गोरेगावात शिरली. पोरे अचानक दारात पाहून सुभेदार थक्क झाले. ती म्हणत होती, आम्ही कळवले होते; ते म्हणत होते, मला काहीच कळले नाही.