उणे चिन्हापाशी

घसा बसून आज चौथा दिवस. डॉक्टरांनी बोलायचंच नाही म्हणून सांगितलंय, आणि दहावीची वर्गसमीकरणं काही थांबत नाहीत. म्हणून संगणक कक्षात गूगल डॉक्सचं एकच पान सगळ्यांना उघडून दिलं. मुळांची बेरीज −८, गुणाकार −४८, मुळं शोधा.

खडूचा आवाज नाही, माझाही नाही. पानावर नुसते रंगीत कर्सर लुकलुकत होते. लॉगिन न करता लिंकवरून आलेली मुलं तिथं नावाशिवाय, एखाद्या प्राण्याच्या चित्रानं दिसतात. एक जांभळा कर्सर ४ लिहून थांबला. मग १२. खोडलं. −१२. पुन्हा उणे खोडलं. कितीतरी वेळ तो त्या रिकाम्या जागेशी उघडझाप करत राहिला.

वहीत मला उत्तर दिसतं. ही घालमेल कधी दिसली नव्हती. आवाज असता तर ‘अरे, चिन्ह बघ’ म्हणून मी मोकळी झाले असते. वीस वर्षं तेच म्हणतेय. त्या घाईत किती जणांचं उणे मीच लिहून टाकलं असेल?

शेवटी −१२ उमटलं आणि टिकलं. मी मान वर केली. एवढ्या चेहऱ्यांत जांभळा कोणाचा, कळेना. विचारायला घसा नव्हता.

उद्या बहुधा आवाज येईल.