ऊब निवडताना

आपल्या सिल्वासात थंडी फार दिवस मुक्काम करत नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी प्रार्थनेला उभी असलेली मुले स्वेटरच्या बाह्या ओढून बोटे झाकतात आणि मधल्या सुट्टीपर्यंत तेच स्वेटर बाकांवर पडलेले असतात. त्यामुळे घर गरम ठेवण्यासाठी कोणते साधन घ्यावे, हा प्रश्न आपल्याकडे सहसा पडत नाही. गेल्या हिवाळ्यात मात्र तो शाळेसमोर आला.

शाळेच्या मागच्या बाजूला रखवालदाराच्या कुटुंबासाठी विश्वस्त मंडळाने एक तयार पोर्टा केबिन बसवली. २० फूट लांब, १० फूट रुंद. क्रेनने उतरवली आणि संध्याकाळपर्यंत घर उभे! भिंती म्हणजे दोन पातळ पत्र्यांमध्ये भरलेला फोम. कारागीर त्याला पफ पॅनल म्हणतात. खिडक्या सरकत्या, दाराला रबराची पट्टी. केबिन जमिनीपासून हातभर उंच ठेवलेली असल्याने रात्री खालून गार वारा वाहतो आणि फरशी बर्फासारखी होते. घरात चार महिन्यांचे बाळ. एके दिवशी त्याची आई ऑफिसात आली आणि म्हणाली, "सर, बाळाला सर्दी झालीय. रात्री शेगडी आत घेतली तर चालेल का?"

प्रश्न साधा होता, पण मी तो विश्वस्तांच्या बैठकीत ठेवला. एक सदस्य म्हणाले, शेगडी स्वस्त आणि ओळखीची आहे. दुसऱ्यांनी गॅसचा हीटर देऊ केला. तिसरे म्हणाले, महिनाभराच्या थंडीसाठी एवढा खर्च कशाला? तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी रास्त होते. पण आधी एक गोष्ट पाहायला हवी होती: हे घर श्वास घेते का?

खानवेल, मांदोनीकडची वारली बांधवांची जुनी घरे आठवा. कारवीच्या काड्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप. आत चूल पेटली तरी धूर छपरातून आणि फटींतून वाट काढतो. त्या धुराने डोळ्यांना आणि छातीला त्रास होतो, हे खरेच. पण हवा खेळती राहते. पफ पॅनलच्या खोलीत फट शोधून सापडत नाही. जुन्या घरात चालून गेलेली सवय नव्या घरात जिवावर बेतते ती यामुळेच.

मी हिंदी वृत्तपत्रे नियमित वाचतो. कडाका वाढला की त्यांत 'अंगीठी' हा शब्द दिसू लागतो: बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेले कुटुंब सकाळी उठलेच नाही. आपल्या औद्योगिक वसाहतींत उत्तरेकडून आलेली अनेक कुटुंबे राहतात, त्यांना हे नवीन नाही. महाराष्ट्र-गुजरातेत बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमुळेही असेच मृत्यू झाले आहेत. दोन्हींचे कारण एकच, कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. आणि झोपलेल्या माणसाला तर काही कळतच नाही. लालभडक निखाऱ्यांतून धूर निघत नाही म्हणून आपण निर्धास्त होतो, पण तेच निखारे हा वायू सोडत असतात.

आमची एक माजी विद्यार्थिनी अमेरिकेत अशाच कारखान्यात बनलेल्या घरात राहते. तिथे बर्फ पडतो, त्यामुळे घर तापवणारी भट्टी, म्हणजे फर्नेस, लागतेच. फोनवर तिने सांगितले की साध्या घराची फर्नेस तिच्या घरात बसवता येत नाही. अशा घरासाठी मंजूर झालेलीच घ्यावी लागते. जून १९७६ पासून तिथे या घरांसाठी देशभर एकच नियमावली आहे. तिच्यानुसार फर्नेसच्या ज्वाळेचा घरातल्या हवेशी संबंध येता कामा नये. जळण्यासाठी हवा नळीने बाहेरून येते आणि जळलेला वायू नळीने बाहेरच जातो. इतक्या श्रीमंत देशानेही आधी हवेचा विचार केला, हे मला महत्त्वाचे वाटले.

शेगडी आणि गॅस हीटर दोन्ही बाद झाले. १००० वॅटचा, तेल भरलेला विजेचा हीटर घेतला. ज्योत नाही, म्हणून वायू नाही. मात्र पत्र्याच्या घरात विजेचेही भय असते. इलेक्ट्रिशियनकडून केबिनच्या सांगाड्याला अर्थिंग करून घेतले, १६ अँपिअरचा वेगळा सॉकेट आणि ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा स्विच बसवला. हीटर भिंतीपासून आणि कपड्यांपासून तीन फूट दूर ठेवायचा, झोपण्यापूर्वी दोन तास चालवायचा आणि मग बंद करायचा. रोजची दोन युनिटे. उरलेले काम फोमच्या भिंतीच करतात; त्या धुराला कोंडतात तशा उबेलाही कोंडतात. फरशीवर जाड सतरंजी, तिच्यावर गोधड्या, बाळाला टोपी-मोजे आणि वरची झडप उघडी. हीटरपेक्षा वायरिंगला जास्त पैसे लागले. खर्चाबद्दल बोलणाऱ्या सदस्यांनीच ते मंजूर केले.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण कारखान्यांच्या आवारातल्या अशाच खोल्यांत राहतात. आज घरी गेल्यावर पाहा: शेगडी रात्री आत येते का? गॅस गिझर न्हाणीघराच्या आत आहे का? झडपेला कागद चिकटवला आहे का? आणि कोणाला शेगडीजवळ किंवा न्हाणीघरात गुंगी आली, तर आधी दारे-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत न्या आणि १०८ ला फोन करा.

येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर आपले विज्ञान शिक्षक प्रयोगशाळेत अर्थिंग कसे तपासून घ्यावे, हे समजावून सांगतील. पालकांनी अवश्य यावे. चहाची व्यवस्था शाळेतर्फे आहे.