घोड्याच्या वहीतलं शेवटचं पान

दस्तुरी नाक्यावर मोटारी थांबतात आणि माथेरान सुरू होतं. दोन वर्षांपूर्वी पावसाळा सरताना तिथल्या एका घोडेवाल्याचा फोन आला. "डॉक्टर, नवा घोडा आणलाय. दाणा तोंडातून सांडतोय. बघून जा."

नेरळवरून वर गेलो. डोंगरी तट्टांच्या रांगेत तो लगेच वेगळा दिसला. बाकीच्यांपेक्षा उंच, लांब पायांचा, पातळ कातडीचा, कपाळावर पांढरा टिळा. जरा पत्रा वाजला की दचकायचा. मालकाने त्याचं नाव राजा ठेवलं होतं. दाढांच्या कडा धारदार होऊन गालात रुतत होत्या, त्या कानशीने घासून दिल्या. मग सवयीने चिप वाचायचं यंत्र मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीखाली फिरवलं. बीप वाजला आणि पंधरा आकडे उमटले.

"याचा पासपोर्ट कुठाय?" मी विचारलं.

"तो कशाला? लायसन आहे की."

म्हणजे राजा हा रेसचा घोडा. त्याचे आईबाप, जन्माचा दिवस, रंग, खुणा हे सगळं पुण्यात एका वहीत नोंदलेलं असणार. तो आता दस्तुरी नाक्यावर पर्यटक वाहतो, एवढंच त्या वहीत नसणार.

माझी निम्मी हयात रेसकोर्सच्या तबेल्यांत गेली. काम दोन प्रकारचं. पळणारा घोडा तोच आहे ना, हे शर्यतीआधी पाहायचं. आणि पळून आल्यावर त्याच्या लघवीचा नमुना घ्यायचा. दुसरं काम ऐकून लोक हसतात. पण पेंढा अंथरलेल्या खोलीत सईस मंद शीळ घालतोय, शेजारी लांब दांड्याला भांडं अडकवून एक माणूस ताटकळत उभा आहे आणि लाखोंची शर्यत जिंकलेला घोडा दोघांकडे ढुंकून पाहत नाही, हे दृश्य मी शेकडो वेळा पाहिलंय. नमुना मिळाला की तो दोन बाटल्यांत विभागून सर्वांसमोर सील करायचा. 'ए' बाटलीत औषध सापडलं, तर खातरजमेसाठी 'बी' असते. बक्षिसाची रक्कम, ट्रेनरचा परवाना, कधीकधी एखाद्याची पुरी कारकीर्द त्या दोन बाटल्यांवर टांगलेली असते.

कर्जतला स्थायिक झाल्यावर मला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "रेसचं सरकारी खातं कुठलं हो?" असं खातंच नाही. जुगार आणि पैज हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय. आपल्याकडे त्यासाठी १९१२ चा रेसकोर्स परवाना कायदा आहे. म्हणजे मैदानाला परवाना सरकार देतं, पण मैदानावर चालतात ते क्लबचे नियम. ट्रेनर, जॉकी, मालक या सगळ्यांना मान्यता क्लब देतो, शिक्षाही तोच करतो. निकालाचा वाद आधी स्टुअर्ड्सच्या, म्हणजे क्लबच्या पंचांच्या, खोलीत जातो, कोर्ट फार नंतर.

महाराष्ट्रात हा क्लब म्हणजे रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब. मुंबईच्या शर्यती आधी भायखळ्याला होत, १८८३ मध्ये त्या महालक्ष्मीला आल्या. १९२५ मध्ये वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब झाला आणि १९३५ मध्ये त्याच्या नावामागे 'रॉयल' लागलं. पावसाळ्यात शर्यती पुण्यात, थंडीत मुंबईत. हंगाम बदलला की घोड्यांच्या गाड्या बोरघाट उतरून खालापूरच्या टोलनाक्यावरून मुंबईकडे जातात. आपल्या कर्जत-खालापूर तालुक्यांचा या खेळाशी वर्षानुवर्षांचा संबंध म्हणाल तर एवढाच.

मुंबईसारखेच अधिकार असलेली आणखी चार ठिकाणं म्हणजे कोलकाता, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबाद. पाचही क्लब स्वतंत्र, पाचांचे हंगाम वेगळे, रुसवेफुगवेही पुष्कळ. तरीही देशभर खेळ एक राहिला, तो दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे परस्परांच्या शिक्षेचा मान. एका क्लबने अपात्र ठरवलेल्या माणसाला दुसऱ्या क्लबाच्या मैदानावर आसरा मिळत नाही. दुसरी म्हणजे ती पुण्यातली वही, इंडियन स्टड बुक.

थरोब्रेड ही रेसच्या घोड्यांची जात कागदावर उभी आहे. जगातल्या प्रत्येक थरोब्रेडची पितृवंशावळ बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपैकी एकापाशी पोचते. इंग्लंडमध्ये १७९१ मध्ये या वंशावळींची पहिली वही निघाली. आज प्रत्येक देशाची वही आंतरराष्ट्रीय समितीच्या मान्यतेने चालते आणि नियम जगभर सारखे आहेत. कृत्रिम रेतनाने जन्मलेलं शिंगरू थरोब्रेड म्हणून नोंदलं जात नाही. आईबापांशी डीएनए जुळल्याशिवाय नोंद नाही आणि नोंद नसेल तर कुठल्याच मैदानावर पाय ठेवता येत नाही. नावसुद्धा मोकळ्या जागा धरून अठरा अक्षरांत बसलं पाहिजे.

पासपोर्टात घोड्याचं रेखाचित्र असतं. पांढऱ्या खुणा त्यावर रंगवायच्या आणि अंगावरचा प्रत्येक भोवरा फुलीने दाखवायचा. आपल्याकडचे जुने अश्वपारखीही भोवरे बघत, पण शुभाशुभासाठी. देवमण हा शुभ भोवरा असलेल्या घोड्याला जास्त किंमत यायची. स्टड बुकाला शकुनाशी देणंघेणं नाही. दोन घोड्यांचे भोवरे हुबेहूब सारखे नसतात, एवढं त्याला पुरतं. चिप नव्हती तेव्हा मी याच फुल्यांवरून घोडे ओळखायचो. एकदा एका मैदानावर कागदात मानेला एक भोवरा आणि घोड्याला दोन निघाले. सईस शपथा घेत होता, ट्रेनर तापला होता, तरी घोडा पॅडॉकमधून मागे गेला. जुळ्यासारखा दिसणारा भलताच घोडा गाडीतून उतरवला होता. वेळेत कळलं नसतं तर पैसे लावणारा प्रत्येक माणूस फसला असता.

या खेळाचं नियमन माणसांच्या विश्वासासाठी आहे, घोडा त्या विश्वासाचं तारण. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तमिळनाडूच्या खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला, तेव्हा घोड्याची वंशावळ, तयारी, जॉकीचं कसब हे सगळं विचारात घेतलं गेलं. घोड्याची ओळखच खोटी असेल तर पारख कशाची करायची?

आज हा डोलारा कर आणि जमीन अशा दोन्ही बाजूंनी हलतोय. पैजेवरचा जीएसटी २०१७ मध्ये २८ टक्क्यांनी सुरू झाला, सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्के झाला, आणि तोही क्लबच्या कमिशनवर नाही, तर लावलेल्या पूर्ण रकमेवर. अशाने पैज थांबत नाही, ती परवान्याबाहेरच्या बुकीकडे जाते. तिथे ना स्टुअर्ड, ना 'बी' बाटली. जमिनीचंही तेच. महालक्ष्मीचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला. २०२४ च्या तोडग्यानुसार २११ एकरांपैकी १२० एकर उद्यानासाठी पालिकेकडे आणि ९१ क्लबकडे. त्याच वर्षी चेन्नईत गिंडीचं मैदान तमिळनाडू सरकारने सील केलं. मुंबईसारख्या शहराला बाग हवीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझी तक्रार वहीबद्दल आहे. १९४३ ची पहिली इंडियन डर्बी जिंकणारी घोडी प्रिन्सेस ब्यूटिफुल आजही नोंदींत सापडते. जन्मापासून शेवटच्या शर्यतीपर्यंत ही व्यवस्था घोड्याच्या केसाकेसाचा हिशोब ठेवते. घोडा पळायचा थांबला की वही मिटते. चांगल्या वंशाच्या घोड्या पैदाशीला जातात. पूर्वी काही निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जायचे, प्रतिविषासाठी. पूनावालांच्या पुण्यातल्या अश्वपैदाशीच्या धंद्यातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. भातकापणीत साप चावलेल्या आपल्या शेतकऱ्याला जे इंजेक्शन मिळतं, त्यात घोड्याच्या रक्ताचा वाटा असतो. बाकीचे घोडे लग्नाच्या वरातीत, रायडिंग क्लबात, डोंगरावर, फार्महाऊसवर पांगतात. कुठे आणि कुणाकडे, हे कुणीच लिहून ठेवत नाही. ब्रिटनमध्ये निवृत्त घोड्यांना नवं काम शिकवणारी खास संस्था २००० पासून आहे. आपल्याकडे पाच क्लबांनी बक्षिसाच्या रकमेतून थोडं बाजूला काढलं आणि निवृत्तीनंतरच्या प्रत्येक मालकाची नोंद सक्तीची केली, तर हा खर्च फार मोठा नाही. शिक्षेच्या बाबतीत पाच जण एक होऊ शकतात, तर पेन्शनच्या बाबतीतही होतील.

तोवर कर्जत-खालापूरच्या फार्महाऊसवाल्यांना आणि माथेरानच्या घोडेवाल्यांना एवढंच सांगणं. रेसचा घोडा स्वस्तात मिळतोय म्हणून दोर धरून आणू नका. विकणाऱ्याकडून पासपोर्ट मागून घ्या. तो नसेल तर जवळच्या पशुवैद्याकडून चिप वाचून घ्या, एक मिनिटाचं काम आहे. लसी कधी दिल्या, वय किती, पाय कुठे दुखावला होता, याचा माग त्या पंधरा आकड्यांवरून काढता येतो. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो आणि त्यातली पळण्याची जेमतेम चार-पाच. उरलेली वर्षं तुमच्या दारात जाणार असतील, तर तो कोण आहे हे तुम्हाला माहीत असलंच पाहिजे.