माझी सही

आमची शाळा सांगोल्यापासून आत, वस्तीवर. दोन खोल्या, एक लिंबाचं झाड, भोवताली डाळिंबाच्या बागा. शिक्षक दोन आणि पहिली ते चौथीची मुलं एकतीस. सेवाज्येष्ठतेनं मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडे आला. पण मन कायम धास्तावलेलं असायचं. साधी सहल ठरवायची तरी आधी चार जणांना फोन करायचा. कुणी ‘हो’ म्हटलं तरच पाऊल पुढं पडायचं.

जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासननिर्णय निघाला होता. प्रत्येक मूल शिकलं पाहिजे, हा त्याचा गाभा. मला तो मनापासून पटला होता. आणि तरीही माझ्या वर्गाची माहिती भरताना मी ‘सर्व मुलं वाचतात’ असं लिहून खाली सही केली. तसं लिहायला मला कुणी सांगितलं नव्हतं. कमी आकडा लिहायची भीती वाटली, एवढंच.

त्या वर्षी पाऊस रुसला होता. लोक टँकरचं पाणी विकत घेऊन बागा जगवत होते. श्रावणातल्या एका सकाळी चौथीतला एक मुलगा पुस्तक घेऊन माझ्यासमोर बसला आणि ओळींवर बोट फिरवत घडाघडा वाचू लागला. आवाज खणखणीत, एक शब्द चुकला नाही. माझं लक्ष त्याच्या बोटाकडे गेलं. धडा संपत आला होता आणि बोट अजून तिसऱ्या ओळीवर होतं. सगळा धडा त्याला तोंडपाठ होता.

मी फळ्यावर लिहिलं, ‘आज बागेला पाणी सोडलं.’ तो बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “बाई, ह्ये पुस्तकात न्हाई.”

हे पोर रोज सकाळी शाळेत यायच्या आधी बागेत फिरून कुठला ड्रिपर तुंबलाय ते बघायचं. पाणी सोडायचं काम त्याच्याच हातचं, आणि तेच वाक्य त्याला वाचता येत नव्हतं. माझ्या पोटात खड्डा पडला. आपल्याला निर्णय घ्यायची भीती का वाटते, ते त्या क्षणी मला लख्ख कळलं. ज्या बाईनं खोट्या माहितीखाली सही केली, तिच्या शब्दावर मी तरी कसा विश्वास ठेवणार?

पुढचे तीन दिवस मी एकेका मुलाला लिंबाखाली बोलावलं. पुस्तक बाजूला ठेवलं आणि कोऱ्या कागदावर नवी वाक्यं लिहून वाचायला दिली. दुसरी ते चौथीतल्या तेरा मुलांना वाचता येत नव्हतं. सहकारी सर वयानं लहान. त्यांनी काळजीनं विचारलं, “मॅडम, वर काय सांगायचं?” मी म्हटलं, “आहे तेच.” ते ठरवताना मी कुणालाही फोन केला नव्हता. सुधारलेली माहिती त्याच दिवशी पाठवली.

वरच्यांना कागद पाठवणं सोपं होतं, पालकांसमोर उभं राहणं अवघड. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण जागा पालकांच्या. सभेत मी तेरा हा आकडा सांगितला, आधीची माहिती खोटी होती हेही सांगितलं. बोलताना मनात गणपतराव देशमुख, आमचे आबासाहेब, होते. आबासाहेबांना या तालुक्यानं अकरा वेळा विधानसभेत पाठवलं, पण १९७२ आणि १९९५ मध्ये पाडलंही. पडल्यावरही ते त्याच माणसांसमोर परत उभे राहिले. कोपऱ्यातले एक आजोबा म्हणाले, “बाई, आमाला म्हाईत हुतं. तुमी कवा सांगताय, त्येच बगत हुतो.”

मग मी स्वतःला एकच शब्द दिला. रोज घंटेआधी अर्धा तास, या तेरा मुलांसाठी. एका वहीत तारीख लिहायची आणि पुढं ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’. ताप आला त्या दोन दिवसांपुढं ‘नाही झालं’ लिहिलं. पूर्वीची मी तिथंही ‘झालं’ लिहून मोकळी झाले असते. महिन्याभरानं ती वही चाळताना पहिल्यांदा वाटलं, ही बाई बोलते तसं करते.

दिवाळीनंतर मेंढपाळांची दोन घरं मेंढरं घेऊन निघाली, सोबत तेरातली दोन पोरं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली होती, ते मी डी.एड.ला वाचलं होतं. तेव्हा ते परीक्षेपुरतं होतं. आता त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, पोचता येईल एवढ्या अंतरावर असेपर्यंत रविवारी मी तिथं जायचे. लेकराची आई मेंढीची धार काढता काढता कान देऊन ऐकायची. वाडा लांब गेल्यावर मात्र माझा इलाज खुंटला. त्या दिवसांपुढं वहीत ‘नाही झालं’ असंच लिहिलं.

एप्रिलमध्ये पुन्हा माहिती भरायची वेळ आली. तेरापैकी नऊ मुलं वाचत होती, ड्रिपरवालाही त्यांत होता. उरलेल्या चौघांची नावं मी लिहिली आणि कोण कुठं अडतं तेही मांडलं. दोघं जोडाक्षराशी, दोघं अजून काना-मात्रेशी. खाली सही केली आणि कागद टेबलावर ठेवला.

सरांनी तो उचलून वाचला. मग खिशातलं पेन काढलं आणि काही न बोलता खाली आणखी एक नाव लिहिलं. त्यांच्या पहिलीतलं. “हिला अजून अक्षरओळख नाही, मॅडम,” म्हणाले, आणि त्या नावापुढं त्यांनी स्वतःची सही केली.