कोरडा किनारा, भरलेला समुद्र

कापड टिकत नाही, हे कोकणात वाढलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. श्रावणात ट्रंक उघडली की डांबराच्या गोळ्यांच्या वासामागून बुरशीचा वास येतोच. आजीची पैठणी उलगडावी, तर ती घडीच्या रेघेवर विरलेली असते. समुद्र जवळ म्हणजे पाऊस भरपूर, आणि पाऊस भरपूर म्हणजे कापडाचं आयुष्य थोडं, हा हिशेब आमच्या अंगात मुरलेला.

पेरूच्या पाराकासला हा हिशेब चुकतो. लिमाच्या दक्षिणेला सुमारे अडीचशे किलोमीटरवर हा द्वीपकल्प समुद्रात घुसलेला आहे. पायाशी प्रशांत महासागर, आणि पाठीमागे पिवळट तांबूस वाळवंट. त्यावर झाड नाही, झुडूप नाही, गवताची काडीसुद्धा नाही. दुपारनंतर वारा उठतो आणि वाळू गालांवर टोचू लागते. त्या वाऱ्यालाही पाराकासच म्हणतात. पावसाचं म्हणाल तर वर्षाकाठी काही मिलिमीटर पडला तर पडला. एवढं पाणी समोर आणि थेंबभर पाऊस नाही, हे काय गौडबंगाल आहे?

त्याचं उत्तर पाण्यात हात घातला की बोटांना कळतं. पाणी थंडगार असतं. दक्षिणेकडून येणारा हम्बोल्ट प्रवाह या किनाऱ्याला घासून जातो. वारा वरचं पाणी आत समुद्रात लोटतो आणि त्याच्या जागी खोलातलं थंड पाणी वर येतं. या थंडाव्यामुळे किनाऱ्यालगतची हवा जड होऊन खालीच बसते. धुकं दाटतं, पण ढग उंच चढत नाहीत आणि पाऊस होत नाही. तेच पाणी तळातली पोषकद्रव्यं मात्र वर आणतं. त्यावर सूक्ष्म शेवाळ वाढतं आणि शेवाळावर आंचोवेता नावाचा बोटभर मासा पोसतो. हा आपल्या मांदेलीच्या कुळातला. त्याच्यावर पाणकावळे, बूबी, पेलिकन, पेंग्विन, समुद्रसिंह आणि माणूस अशी सगळी पंगत बसते. एकाच प्रवाहाने जमीन उपाशी ठेवली आणि समुद्राला जेवू घातलं.

या पंगतीत दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी जे लोक बसले होते, त्यांना आज आपण पाराकास संस्कृती म्हणतो. इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या सुमारास ती या भागात दिसू लागते. या लोकांना लिपी नव्हती. ते मासे धरत, नदीकाठच्या खोऱ्यांत शेती करत, आणि कवटीला भोक पाडण्याची शस्त्रक्रिया करत. कित्येक कवट्यांवर हाडाच्या कडा भरून आलेल्या दिसतात, म्हणजे त्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण जगला होता. आपल्या मृतांना मात्र त्यांनी या ओसाड, कोरड्या द्वीपकल्पावर आणून ठेवलं.

1925 साली हुलिओ सी. तेयो इथे पोहोचला. हा डोंगराळ भागातल्या देशी कुटुंबातला मुलगा, आधी डॉक्टर झाला आणि मग पुरातत्त्वज्ञ. कबरी चोरून उकरणाऱ्यांमुळे अप्रतिम भरतकामाची वस्त्रं बाजारात फिरत होती. त्यांचा माग काढत तो सेरो कोलोरादोच्या तांबड्या टेकडीपर्यंत आला. 1927 मध्ये त्याच्या चमूला वारी कायान इथे दफनांचं मोठं ठिकाण सापडलं. तिथून 429 गाठोडी निघाली. गाठोडीच म्हणायला हवं. मृताला गुडघे छातीशी घेऊन टोपलीत बसवायचं, मग त्याच्याभोवती जाड्याभरड्या सुती कापडाचे आणि भरतकामाच्या शालींचे थर एकावर एक गुंडाळत जायचे. सोबत मका, घेवडा आणि भुईमुगाच्या शेंगा. आपल्या उपासाच्या खिचडीतल्या दाण्याचं माहेर दक्षिण अमेरिकाच. त्या मृतांची शिदोरी वाचताना हा दाणा भेटला आणि मला उगाच ओळखीचं वाटलं.

त्या शाली मी काचेआड पाहिल्या. कापूस किनाऱ्याचा, लोकर डोंगरातल्या लामा-अल्पाका कुळातल्या प्राण्यांची. लाल रंग एका वनस्पतीच्या मुळांचा, निळा नीळ देणाऱ्या झुडपाचा. त्यावर उडणारी माणसं भरलेली आहेत. डोकं मागे टाकलेलं, केस वाऱ्यावर, एका हातात पंखा, दुसऱ्यात सुरी. तीच आकृती पुन्हा पुन्हा येते, पण शेजारची उलटी असते आणि तिसरीचे रंग बदललेले असतात. काही शाली अर्धवट राहिल्या आहेत. रेखलेली आकृती आहे, रंग भरायचे राहिले आहेत. ते पाहिल्यावर मला त्या माणसाच्या मरणापेक्षा भरतकाम करणारीची घाई जाणवली. सुई कुठे थांबली, तो टाका अजून दाखवता येतो. वाळवंटाने काहीच विटू दिलं नाही.

पण जे टिकतं त्याला गिऱ्हाईकही भेटतं. 1930 च्या सुमारास तेयोच्या जागेवरची राखण सुटली आणि लुटारूंनी कबरी फोडल्या. शंभरेक वस्त्रं स्वीडनमधल्या गोटेनबर्ग शहरी पोहोचली. ती 2014 पासून टप्प्याटप्प्याने पेरूला परत मिळू लागली.

समुद्राच्या वाट्यालाही हेच आलं होतं, फक्त आधी. पाऊस नाही म्हणून पक्ष्यांची विष्ठा वाहून जात नाही. बेटांवर ती शतकानुशतकं साचून तिचे कित्येक मीटर जाडीचे थर झाले. हा ग्वानो म्हणजे नायट्रोजनने ठासून भरलेलं खत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात युरोपातल्या शेतांसाठी तो पाराकासच्या उत्तरेला असलेल्या चिंचा बेटांवरून जहाजं भरभरून गेला. तो खणायला करारबद्ध चिनी मजूर आणले गेले आणि त्यांचे अतोनात हाल झाले. 1864 मध्ये स्पेनने ही बेटंच बळकावली. पक्ष्यांच्या विष्ठेसाठी आरमार! पुढे दहा-बारा वर्षांत बेटं खरवडून निघाली. हम्बोल्ट पेंग्विन ग्वानोच्या थरातच बीळ करून अंडी घालतो, त्याचं घरही त्या बोटींतून गेलं.

पाराकास राष्ट्रीय अभयारण्य 1975 साली जाहीर झालं. त्याचं क्षेत्र 3,35,000 हेक्टर, आणि त्यातला जवळपास दोन तृतीयांश भाग पाणी. मला त्यातलं मोलाचं हे वाटलं की पक्षी, मासे आणि प्राचीन वसाहतींचे अवशेष यांना एकाच कुंपणात घेतलं गेलं. उथळ उपसागरात रोहित पक्षी चिखल चाळत असतात आणि त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर सेरो कोलोरादोची टेकडी आहे. 2007 च्या भूकंपात ला कातेद्राल नावाची खडकाची प्रसिद्ध कमान समुद्रात कोसळली आणि तेयोच्या नावाचं संग्रहालय निकामी झालं. ते 2016 मध्ये नव्याने उघडलं. त्याच्या भिंती तिथल्या वाळूसारख्या तांबूस ठेवल्या आहेत. लांबून पाहिलं तर इमारत कुठे संपते आणि वाळवंट कुठे सुरू होतं, ते ओळखू येत नाही.

तरी कुंपणाला वारा आणि पाणी जुमानत नाही. उपसागराच्या काठी मासळीची भुकटी करणारे कारखाने आहेत, नैसर्गिक वायूचा प्रकल्प आहे, बंदर आहे. आंचोवेताची भुकटी जगभरच्या कोंबड्यांच्या आणि पोसलेल्या माशांच्या पोटात जाते आणि पक्ष्यांचा घास तेवढा कमी होतो. मध्येच एल निन्यो येतो. पाणी तापतं, मासा खोल जातो, पिल्लं घरट्यात उपाशी मरतात. 1982-83 च्या एल निन्योत याच पिस्को-पाराकासच्या पाण्यात शिंपल्यांचं मात्र अमाप पीक आलं आणि कोळ्यांच्या होड्या तिकडे वळल्या. 2017 मध्ये किनाऱ्याजवळचं पाणी असंच तापलं आणि पेरूच्या उत्तरेकडच्या कोरड्या किनाऱ्यावर पुराने हाहाकार माजवला. पावसाची सवय नसलेल्या जमिनीवर पाऊस कसा उतरतो, ते त्या वर्षी पेरूने पाहिलं.

वाळूत अजून न उकरलेल्या कबरी आहेत. संग्रहालयात अजून न उलगडलेली गाठोडी आहेत. तिथल्या कपाटांना कुलूप लावता येतं, हवेचा ओलावा मोजता येतो. वाळूतल्या कबरींची राखण मात्र तो थंड प्रवाहच करतो, आणि पेंग्विनाच्या पिल्लाला भरवणाराही तोच. सरकारी कागदांवर पुरातत्त्व एका खात्याकडे आणि पक्षी दुसऱ्या खात्याकडे असतात. पाराकासला ही वाटणी खोटी ठरते. तिथली कापडं जपायची असतील, तर आधी समुद्र थंड राहिला पाहिजे.